जर्मनीत गॅसचं बिल नेमकं कशाने वाढलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून लाइपझिगला नोकरीसाठी आलात. दुपारच्या जेवणाला तुमचे दोन सहकारी रोज भांडतात. एक म्हणतो, रशियावर निर्बंध घालून सरकारने आपल्याच माणसांना महागाईत ढकललं, रशियाचं काही वाकडं झालं नाही. दुसरा म्हणतो, हा सगळा मॉस्कोचा प्रचार आहे. मग दोघंही तुमच्याकडे वळतात आणि म्हणतात, तुम्ही भारतीय शहाणे, स्वस्तात तेल घेऊन मोकळे झालात. यात खरं काय, सरकारने लोकांसाठी काय केलं, आणि आपण काय बोलावं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली 17 वर्षं पूर्व जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या श्टाटवेर्केत, म्हणजे शहराच्या मालकीच्या वीज-गॅस-पाणी कंपनीत, गॅसखरेदीचं काम करते. 2021 आणि 2022 ही दोन वर्षं मी रोज सकाळी सातला भाव बघून दिवस सुरू केलेला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

आधी एक गोष्ट सांगते, कारण जेवणाच्या टेबलावर ती दोन्ही बाजू विसरतात. 2022 मध्ये युरोपीय संघाने रशियाच्या पाइपलाइनच्या गॅसवर निर्बंध घातलेच नव्हते. कोळशावर घातले, ऑगस्ट 2022 पासून. समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या तेलावर घातले, 5 डिसेंबर 2022 पासून. डिझेलवर फेब्रुवारी 2023 पासून. बँका, यंत्रसामग्री, रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशातली गंगाजळी, सगळ्यावर घातले. गॅसला मात्र हात लावला नाही, कारण जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त, 55 टक्क्यांच्या आसपास, रशियाकडून येत होता आणि तो आपणहून बंद करायची कोणाची छाती नव्हती. पाइपलाइनच्या गॅसवर कायद्याने बंदी घालायचं ठरवायला युरोपला पुढे तीन वर्षांहून जास्त लागली.

मग गॅस थांबवला कोणी? ज्याच्याकडून यायचा त्यानेच. आणि सुरुवात युद्धाच्या आधी झाली होती.

2021 च्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या बाजारात, जिथे युरोपचा घाऊक भाव ठरतो, हजार युनिट गॅसला 20 युरोच्या आसपास मोजावे लागत. (इथे युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलंच युनिट, किलोवॅट-तास.) म्हणजे युनिटला 2 सेंट. उन्हाळ्यापासून गॅझप्रॉमने, म्हणजे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, लांब मुदतीच्या करारात ठरलेला गॅस दिला, पण त्यावर रोजच्या बाजारात जो जादाचा गॅस ते एरवी विकत, तो विकेनासे झाले. भाव चढत गेला आणि 21 डिसेंबर 2021 ला 180 युरोंच्या आसपास पोचला. युक्रेनवर पहिला बॉम्ब पडायला अजून दोन महिने होते. या निर्बंधांचा तर पत्ताच नव्हता.

तो डिसेंबर माझ्या डोक्यातून जात नाही. स्वस्त दर दाखवून ग्राहक ओढणाऱ्या काही खासगी कंपन्यांनी पुढच्या वर्षासाठी गॅस घेऊनच ठेवला नव्हता. भाव भडकल्यावर त्यांनी एका पत्रानिशी लाखो ग्राहकांचे करार तोडले. कायद्याने असे ग्राहक आपोआप स्थानिक मूळ पुरवठादाराकडे येतात, म्हणजे आमच्यासारख्यांकडे. नाताळच्या आदल्या आठवड्यात रात्रीतून शेकडो नवीन मीटर आमच्या यादीत आले. त्यांच्यासाठी गॅस घ्यायचा होता आणि तो त्या दिवसाच्या भावाने, म्हणजे तोवरच्या इतिहासातल्या सगळ्यात महाग भावाने, घ्यायचा होता. ते लोक आमच्या खिडकीशी येऊन आम्हाला लुटारू म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. ज्याने फसवलं त्याचं कार्यालयसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आमची खिडकी समोर होती.

त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट चालली होती. उत्तरेकडे रेडेन नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा गॅससाठा आहे, साधारण 4 अब्ज घनमीटरचा. उन्हाळ्यात तो भरायचा आणि थंडीत उपसायचा, अशी रीत. पण तो साठा तेव्हा गॅझप्रॉमच्या उपकंपनीच्या ताब्यात होता आणि 2021 च्या उन्हाळ्यात तो भरलाच गेला नाही. युद्ध सुरू झालं त्या 24 फेब्रुवारी 2022 ला त्यात पाच टक्क्यांहून कमी गॅस होता. आमच्या धंद्यात साठ्याचे आकडे रोज जाहीर होतात. आम्ही सगळे ते बघत होतो. शेतकऱ्याने श्रावणातच बघावं की धरणात पाणी नाही, तसं ते दिसत होतं. कोणी मोठ्याने बोललं नाही, मीही नाही.

पुढचं तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल, पण क्रम महत्त्वाचा आहे. 31 मार्चला रशियाने फर्मान काढलं की गॅसचे पैसे रुबलमध्ये मिळाले पाहिजेत. ज्यांनी नकार दिला त्यांचा पुरवठा तोडला, आधी पोलंड आणि बल्गेरिया, मग फिनलंड, नेदरलँड्स, डेन्मार्क. जूनच्या मध्यात नॉर्ड स्ट्रीम 1 मधून, म्हणजे बाल्टिक समुद्राखालून रशियाहून थेट जर्मनीत येणाऱ्या पाइपलाइनमधून, येणारा गॅस 40 टक्क्यांवर आणला गेला. कारण सांगितलं की दुरुस्तीला कॅनडात गेलेलं टर्बाइन निर्बंधांमुळे अडकलं. कॅनडाने खास सूट देऊन ते परत पाठवलं. मग ते जर्मनीतल्या म्युलहाइममध्ये येऊन पडलं. चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स 3 ऑगस्टला त्या टर्बाइनशेजारी उभे राहून म्हणाले की हे यंत्र तयार आहे, कधीही न्या. कोणी नेलं नाही. तोवर पुरवठा 20 टक्क्यांवर आला होता. 26 ऑगस्टला बाजारात हजार युनिटला 340 युरोंच्या आसपास भाव गेला, म्हणजे दीड वर्षात 17 पट. 2 सप्टेंबरला गॅझप्रॉमने कळवलं की तेलगळती सापडली, नॉर्ड स्ट्रीम 1 आता सुरू होणार नाही. 26 सप्टेंबरला बाल्टिक समुद्राच्या तळाशी स्फोट होऊन नॉर्ड स्ट्रीम 1 आणि 2 च्या मिळून चारपैकी तीन नळ्या फुटल्या.

म्हणून तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला शांतपणे विचारा, की गॅस थांबवणारा निर्बंध कोणता? तो दाखवू शकणार नाही.

पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही दुसऱ्या सहकाऱ्यासारखं अर्धंच बोलाल. कारण मग पुढचा प्रश्न येतो: एका विक्रेत्याने नळ फिरवला म्हणून अख्ख्या देशाचं नाक दाबलं जातं, ही पाळी आलीच कशी?

1 फेब्रुवारी 1970 ला एसेन शहरात एक करार झाला. मानेसमान कंपनीने सोव्हिएत संघाला मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप द्यायचे, जर्मन बँकांनी त्यासाठी कर्ज द्यायचं आणि सोव्हिएतांनी ते गॅस देऊन फेडायचं. 1973 मध्ये पहिला गॅस आला. शीतयुद्धात तो थांबला नाही. 1982 मध्ये अमेरिकेच्या रेगन सरकारने सायबेरियाच्या पाइपलाइनसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीवर निर्बंध घातले तेव्हा पश्चिम जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन सगळे त्याविरुद्ध उभे राहिले आणि काही महिन्यांत रेगनना माघार घ्यावी लागली. या चाळीस-पन्नास वर्षांत आमच्या पेशात एक वाक्य तयार झालं: रशियन गॅस शीतयुद्धातसुद्धा आला. 2019 मध्ये आमच्या संचालकांपुढे जोखमीचा अहवाल मांडताना हेच वाक्य मी स्वतः वापरलंय. त्या पानावर रशियन पुरवठा बंद होण्याची शक्यता मी सगळ्यात खालच्या रकान्यात टाकली होती. ती फाइल अजून माझ्याकडे आहे.

खरं तर चिन्हं होती. 2006 आणि 2009 च्या जानेवारीत रशिया-युक्रेन भांडणात पुरवठा तुटला. 2009 ला तर बल्गेरिया आणि स्लोव्हाकियातली माणसं दोन आठवडे गारठली. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. त्यानंतर शहाणपणाने वागायचं म्हटलं तर वाटा कमी करायला हवा होता. झालं उलट. 2015 मध्येच नॉर्ड स्ट्रीम 2 चा करार झाला आणि त्याच वर्षी रेडेनचा तो साठाही एका जर्मन कंपनीकडून देवाणघेवाणीत गॅझप्रॉमकडे गेला. गॅस उतरवायचं स्वतःचं एकही बंदर जर्मनीकडे नव्हतं, कारण नळीचा गॅस स्वस्त पडत होता. तो स्वस्त होता हे खोटं नाही. लुडविग्सहाफेनचा रासायनिक कारखाना, विटेनबर्गजवळची खताची भट्टी, काचेचे आणि कागदाचे कारखाने, पन्नास वर्षांची जर्मन निर्यात त्या स्वस्त गॅसवर उभी राहिली. पगार वाढले, घरं गरम राहिली. फायदा सगळ्यांनी घेतला. धोका कोणाच्याच हिशेबाच्या वहीत लिहिला गेला नाही.

मी गुहागर तालुक्यातली आहे. आमच्या दारात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आला तेव्हा मी शाळेत होते. तिथे इंधनाचा आणि डॉलरचा सगळा चढउतार वीज मंडळाच्या माथी मारणारा करार होता. 1999 मध्ये वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये मंडळाला ती परवडेना म्हणून प्रकल्प बंद पडला. इंधनाच्या करारात भाव पहिल्या पानावर असतो आणि धोका शेवटच्या पानावर, हे मी लहानपणी घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं होतं. तरी इथे येऊन मीही पहिलंच पान वाचत राहिले.

आता बिलाकडे येऊ, कारण तुमच्या सहकाऱ्याचा राग टीव्हीवरच्या बातमीतून आलेला नाही, त्याच्या टपालपेटीतून आलेला आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये मनुष्यबळ कमी पडलं म्हणून आम्हा खरेदीवाल्यांनाही आठवड्यातून एक दिवस ग्राहक खिडकीवर बसवत. कार्यालयात तापमान 19 अंशांवर, सरकारी नियमच होता, त्यामुळे आम्ही कोट घालून बसायचो. एक सत्तरीच्या बाई आल्या. आयुष्यभर कापड गिरणीत काम केलेल्या, ती गिरणी 1990 च्या जर्मन एकीकरणानंतर बंद पडलेली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेलं आमचंच पत्र. वर्षाला 12,000 युनिट गॅस, म्हणजे दोन खोल्या आणि गरम पाणी. आधीचा दर युनिटला 7 सेंट, अधिक वर्षाचा स्थिर आकार 144 युरो. महिन्याचा हप्ता 82 युरो. नवा दर 21 सेंट. नवा हप्ता 222 युरो. त्यांनी मला एकच विचारलं: मी काय चुकीचं केलं? मी त्यांना सगळं सांगू लागले, बाजार, साठे, नॉर्ड स्ट्रीम. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, हे सगळं बरोबर असेल, पण 140 युरो माझ्याकडे नाहीत. पत्र परत घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवलं.

खरा पेच पुढे आहे आणि तो लोकांना कोणी नीट समजावला नाही. आमच्यासारखी कंपनी ग्राहकांसाठी गॅस एकाच दिवशी घेत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांची गरज धरून दर महिन्याला थोडा थोडा आगाऊ घेत जाते. आई वर्षाचे गहू एकदम न भरता तीन-चार खेपांना भरायची, भाव कधी पडेल कोण जाणे म्हणून, तसंच. या पद्धतीने 2021 मध्ये आमच्या जुन्या ग्राहकांना वर्षभर झळ लागली नाही, कारण त्यांचा गॅस 2019-20 मध्ये स्वस्तात घेतलेला होता. पण 2022 च्या उन्हाळ्यात 150, 200, 300 युरोंनी घेतलेला माल 2023 आणि 2024 च्या बिलात गेला. आणि 2023 च्या उन्हाळ्यात घाऊक भाव 30 युरोंच्या आसपास उतरला होता. बातम्यांत रोज ‘गॅस स्वस्त झाला’ आणि पत्रात ‘दर कायम’. लोकांना वाटलं आम्ही मधल्यामध्ये मलई खातोय. पुरवठादारांपैकी काहींनी खाल्लीही असेल, पण बहुतेक ठिकाणी ते महाग कोठारातलं धान्य संपत होतं. रस्त्यावरचा अविश्वास मला वाटतं सगळ्यात जास्त या दीड वर्षाच्या अंतराने वाढवला.

विजेचंही तसंच. बाजारात त्या तासाला लागणाऱ्या विजेपैकी शेवटचा, सगळ्यात महाग प्रकल्प जो भाव मागतो तोच सगळ्यांना मिळतो. तो शेवटचा प्रकल्प बरेचदा गॅसचा असतो. त्यात 2022 मध्ये फ्रान्सच्या 56 अणुभट्ट्यांपैकी जवळपास निम्म्या गंज आणि देखभालीमुळे बंद होत्या, दुष्काळाने धरणं आटली होती आणि ऱ्हाइन नदीत पाणी इतकं कमी झालं की कोळशाच्या नौका अर्ध्या भरून चालत. यातल्या एकाही गोष्टीचा पुतिन यांच्याशी किंवा निर्बंधांशी संबंध नव्हता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

आता पहिल्या सहकाऱ्याचं कुठे बरोबर आहे ते सांगते, आणि त्याला तेवढं श्रेय द्याच.

एक, 2022 मध्ये रशियाची कमाई घटली नाही, वाढली. गॅस कमी गेला पण भाव इतका चढला की त्या वर्षी रशियाच्या चालू खात्यावर, म्हणजे परदेशांशी झालेल्या व्यवहारांच्या हिशेबात, विक्रमी शिल्लक राहिली. त्या वर्षापुरतं ‘निर्बंधांनी काही झालं नाही’ हे म्हणणं आकड्यांवर उभं आहे. फरक नंतर दिसला: युरोपची नळी गेल्यावर गॅझप्रॉमला तेवढा गॅस दुसरीकडे नेता येईना आणि 2023 मध्ये तिला 629 अब्ज रुबलचा तोटा झाला, 1999 नंतरचा पहिला. निर्बंध हे वाळवीसारखं काम करतात, आठवड्यात घर पाडत नाहीत. ‘रशियाची अर्थव्यवस्था लवकरच कोसळेल’ असं ज्यांनी इथे लोकांना भासवलं त्यांनी मोठं नुकसान केलं, कारण ते घडलं नाही तेव्हा लोकांनी बाकीचंही खोटं धरलं.

दोन, तेलाच्या बाबतीत निर्बंधांनी जर्मन माणसाला खरंच थेट फटका बसला, आणि तो पूर्वेला बसला. पोलंडच्या सीमेवर श्वेट नावाचं गाव आहे. द्रुझ्बा पाइपलाइन 1963 मध्ये तिथे पोचली, ‘द्रुझ्बा’ म्हणजे मैत्री. तिथली रिफायनरी बर्लिन आणि आसपासच्या प्रदेशाचं जवळजवळ सगळं पेट्रोल-डिझेल पुरवते. पाइपलाइनच्या तेलाला युरोपच्या बंदीतून सूट होती, तरी जर्मनीने आपणहून 2022 अखेर ते बंद करायचं ठरवलं. अर्थमंत्री रॉबर्ट हाबेक मे महिन्यात श्वेटला गेले आणि सुमारे 1,200 कामगारांच्या त्या रिफायनरीच्या उपाहारगृहात टेबलावर उभे राहून कामगारांना उत्तरं देत राहिले. रिफायनरी बंद पडली नाही. रॉस्टॉकहून, गदान्स्कहून, पुढे कझाकस्तानहून तेल आलं. पण त्या गावाने 1990 नंतर कारखाने बंद होताना पाहिले होते, तेही वरून आलेल्या निर्णयाने. त्यांना भीती कसली वाटत होती हे पश्चिमेतल्या माणसाला कळणं कठीण होतं.

तीन, ओझं सारखं वाटलं गेलं नाही. 2022 मध्ये जर्मनीची सरासरी महागाई 6.9 टक्के, पण खाद्यपदार्थ 13.4 टक्क्यांनी महागले. ज्याच्या पगाराचा अर्धा भाग घरभाडं, जेवण आणि गरम खोलीवर जातो त्याच्यासाठी 6.9 हा आकडा परक्याचा आहे. 5 सप्टेंबर 2022 ला, सोमवारीच, तुमच्या लाइपझिगच्या आउगुस्टसप्लाट्झ चौकात मोर्चे निघाले. सोमवार यासाठी की 1989 मध्ये इथल्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या, कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचे मोर्चे सोमवारी निघत. एका बाजूला डावे, दुसऱ्या बाजूला अतिउजवे, मध्ये पोलीस. तीन दिवसांनी डाव्या पक्षाच्या खासदार झारा वागेनक्नेश्ट यांनी संसदेत सरकारवर ठपका ठेवला की आपल्या सगळ्यात महत्त्वाच्या ऊर्जापुरवठादाराविरुद्ध तुम्ही आर्थिक युद्ध पुकारलंत. त्या भाषणावरून त्यांच्या पक्षात मोठं भांडण झालं. माझं मत: त्यांचं निदान चुकीचं होतं, कारण पुरवठादाराने आधी नळ फिरवला होता. पण चौकात जमलेली सगळी माणसं पुतिनभक्त नव्हती. त्यांत आमच्या खिडकीवर येऊन गेलेले चेहरे मी ओळखले.

महागाई झाली की लोक निर्बंधांच्या विरोधात जातातच असंही नाही. एस्टोनियात 2022 ची महागाई 19 टक्क्यांच्या वर होती, आमच्या तिप्पट जवळपास. तरी मार्च 2023 च्या निवडणुकीत युक्रेनला सर्वात ठाम पाठिंबा देणाऱ्या तेव्हाच्या पंतप्रधान काया कल्लास यांचाच पक्ष जिंकला. रशियाची सीमा दारात असलेल्या माणसाला 200 युरोचं बिल वेगळं दिसतं.

भारताबद्दल. तुमचे सहकारी म्हणतात ते तेलापुरतं खरं आहे: युद्धाआधी भारताच्या आयातीत रशियन तेल नगण्य होतं, 2023 पर्यंत ते तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेलं. त्यात बेकायदा काही नव्हतं. रशियन तेल बाजारात राहावं पण रशियाला कमी पैसे मिळावेत, यासाठीच 60 डॉलरची भावमर्यादा पाश्चात्त्य देशांनी आखली होती. त्याच तेलाचं गुजरातच्या रिफायनऱ्यांत डिझेल होऊन ते युरोपात विकलं जात होतं. त्यावर युरोपने बंदी घातली ती थेट जानेवारी 2026 पासून.

पण गॅसची गोष्ट उलटी आहे आणि ती इथे कोणालाच माहीत नसते. भारताच्या गेल कंपनीने 2012 मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूर शाखेशी 20 वर्षांसाठी वर्षाला 25 लाख टन द्रव गॅसचा करार केला होता. ती शाखा होती गॅझप्रॉमच्या जर्मन कंपनीची. एप्रिल 2022 मध्ये जर्मन सरकारने ती जर्मन कंपनी ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर उलटे निर्बंध घातले आणि भारताकडे यायची जहाजं थांबली. गेलने खतकारखान्यांचा आणि उद्योगांचा पुरवठा कापला. मुंबईत सीएनजी 2022 च्या एप्रिलच्या सुरुवातीला राज्याने कर कमी केल्यावर किलोला 60 रुपये होता, नोव्हेंबरात 89.50 रुपये झाला. त्यामागे जगभरचा भाव होता, एकटा तो करार नव्हे, पण मुंबईचा रिक्षावाला आणि आमच्या त्या बाई एकाच वादळात सापडले होते. गेलने लंडनमध्ये दावा लावला आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. बांगलादेशची वाट याहून बिकट होती. युरोप जहाजांवर जास्त बोली लावत होता, म्हणून जुलै 2022 मध्ये त्या देशाने रोजच्या बाजारातून गॅस घेणंच थांबवलं आणि लोक अंधारात बसले. युरोपात आम्ही त्या वर्षी थंडीने मेलो नाही, जर्मनीचे साठे नोव्हेंबरात शंभर टक्के भरले, विल्हेल्म्सहाफेनचं गॅस उतरवायचं बंदर दहा महिन्यांत उभं राहिलं, याचा इथे अभिमान आहे. ढाक्यातल्या काळोखाचा उल्लेख त्यात नसतो. माझ्या बाजूने मी तो नेहमी करते.

शेवटी मदतीबद्दल, कारण तुम्ही विचारलंय की सरकारने काय केलं. 300 युरोंचा एकरकमी भत्ता, डिसेंबर 2022 चा हप्ता सरकारने भरला, गॅसवरचा कर मार्च 2024 पर्यंत 19 वरून 7 टक्के. आणि सगळ्यात मोठं, 2023 पुरता भाव-लगाम: सप्टेंबर 2022 मध्ये तुमचा जो वार्षिक वापर धरलेला होता त्याच्या 80 टक्के युनिट 12 सेंटने, वरचे तुमच्या कराराच्या दराने. त्या बाईंसाठी हिशेब असा झाला: 9,600 युनिट 12 सेंटने, 2,400 युनिट 21 सेंटने, अधिक स्थिर आकार. वर्षाला 1,800 युरो, महिन्याला 150. 222 पेक्षा बरंच कमी, 82 पेक्षा बरंच जास्त.

मार्च 2023 मध्ये त्या बाई नवं पत्र घेऊन परत आल्या. या वेळी माझ्याच खिडकीवर आल्या, चेहरा ओळखीचा म्हणून. पत्रातल्या 80 टक्क्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, 80 टक्के कशाचे? त्यांनी गेली तीन वर्षं एक खोली बंद ठेवून काटकसर केली होती. त्यामुळे त्यांचे 80 टक्के लहान होते. आणि तळ्याकाठच्या ज्या घरात पोहण्याचा हौद गॅसवर गरम होतो, त्यांचे 80 टक्के मोठे होते, सवलतही मोठी. त्यांनी हे स्वतः पेन्सिलीने पत्राच्या पाठीवर मांडून आणलं होतं आणि गणित अचूक होतं. उत्पन्न बघून पैसे का दिले नाहीत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की प्रत्येक नागरिकाच्या खात्यात थेट पैसे जमा करायची यंत्रणा तेव्हा या देशाकडे नव्हती. सरकारकडे करक्रमांक होता, खातेक्रमांक जोडलेला नव्हता. माझ्या आईला गुहागरात सिलेंडरची सबसिडी कित्येक वर्षं थेट बँकेत जमा झालेली आहे, हेही सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. म्हणाल्या, हे तुमच्या साहेबांना लिहून द्या. मी लिहून दिलं, त्यांच्या पेन्सिलीच्या हिशेबाची प्रत जोडून.